द चा ध

सोलापुरात वेणीमाधव मंद्रूपकरांना घाबरत नाही असा पाट्या रंगवणारा सापडणं अवघड. रंगारी शिडीवर चढून 'शितपेय' लिहीत असला आणि खाली काखेत छत्री धरून एक उंच, वाळका म्हातारा थांबलेला दिसला, की तो न विचारता 'शि' पुसायला घेतो. नव्या पेठेतल्या एका छापखान्यात वेणीमाधवांनी अडतीस वर्षं प्रुफं तपासली. लग्नपत्रिका, पंचांगं, दहाव्याची पत्रकं, सगळं त्यांच्या लाल शाईखालून गेलं. एका बड्या कापडवाल्याच्या मुलीच्या पत्रिकेवर 'शुभविवाद' असं जुळवलं गेलं होतं, ते त्यांनी छपाईच्या तासभर आधी पकडलं. पुढे त्या जोडप्याचं जे झालं ते पाहता आधीचाच शब्द बरोबर होता, असं नव्या पेठेत अजून बोलतात, पण तो दोष प्रूफ तपासणाऱ्याचा नव्हे.

घरचीही एक गोष्ट आहे. लग्न ठरल्यावर प्रभाताईंनी भावी नवऱ्याला, म्हणजे वेणीमाधवांना, पहिलं पत्र लिहिलं, ते त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून टपालानं परत पाठवलं, असं त्यांची मेहुणी शपथेवर सांगते. प्रभाताई हे साफ नाकारतात. "टपालानं नाही पाठवलं," त्या म्हणतात, "लग्नानंतर हातात दिलं."

तर अशा माणसाला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. छापखान्यात आता संगणक शब्दाखाली आपोआप लाल रेघ ओढतो, आणि त्या रेघेला पगार लागत नाही. वेणीमाधव घरात पुड्यांचे कागद तपासत बसत. औषधाच्या खोक्यावर चूक सापडली तर दिवस बरा जाई. अशात त्यांच्या नातीनं, ज्ञानदानं, स्वतःचा अंक काढला, आणि म्हाताऱ्याला पुन्हा टेबल मिळालं.

ज्ञानदा चोवीस वर्षांची. एका खासगी क्लासमध्ये मुलांना संगणक शिकवते आणि उरलेल्या वेळात जे ऐकते त्याला घरात कुणाकडे शब्द नाही. अंकाचं नाव 'खरखर'. वहीच्या निम्म्या आकाराची सोळा पानं, झेरॉक्सवर काढलेली, मधोमध दोन पिना मारलेली. आत लिहिलेलं असतं ते सोलापूर, हुबळी, विजयपूर, कोल्हापूर इकडच्या अशा वाजवणाऱ्यांबद्दल, ज्यांना कुठलाही गणेशोत्सव बोलावत नाही. गिटारीला नटबोल्ट आवळायचा पान्हा लावून वाजवणारे, बिघडलेल्या टेपरेकॉर्डरवर संपूर्ण मैफल करणारे. ज्ञानदानं आजोबांना समजावलं, की ह्याला भूमिगत म्हणतात. वेणीमाधवांनी बेचाळीसच्या चळवळीबद्दल वाचलेलं काही आठवून पाहिलं, मग तळघरात वाजवत असतील अशी समजूत करून घेतली. पुढे कळलं, की सोलापूरचा बँड दुसऱ्या मजल्यावर तालीम करतो. तेव्हापासून त्यांनी त्या शब्दाचा नाद सोडला. शब्द शुद्ध होता, तेवढं त्यांना पुरे होतं.

हा सोलापूरचा बँड म्हणजे दोन माणसं. एक बसू, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करणारा, घरी कानडी, बाहेर मराठी, गिटार दोन्हींतली नाही. दुसरी श्रीदेवी, औषधाच्या दुकानात काउंटरवर. तिला दिवसभर गिऱ्हाइकाशी हळू बोलावं लागतं. त्याचं सगळं उट्टं ती संध्याकाळी माइकवर काढते.

पाचव्या अंकात ज्ञानदानं ह्या दोघांच्या नव्या ध्वनिमुद्रणावर दोन पानं लिहिली आणि नेहमीप्रमाणे कागद आजोबांपुढे ठेवले. वेणीमाधवांनी चष्मा पुसला, वाचायला घेतलं, आणि त्यांना घाम फुटला.

'गोंदळ ऐकताना कानाला बरं वाटत नाही,' पोरीनं लिहिलं होतं. 'सूर कुठेच लागत नाही. शेवटची अकरा मिनिटं असह्य. शेजाऱ्यांनी पोलिसांत जावं असं वादन. आणि सगळ्यावर श्रीदेवीचा आवाज, अंगात आल्यासारखा.'

आता ही सगळी स्तुती होती. त्या जगात ह्याहून मोठी स्तुती नाही. पण हे वेणीमाधवांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की आपल्या नातीनं एका कष्टकरी मुलाची चारचौघांत अब्रू काढली आहे, आणि तो मुलगा परवाच घरी येऊन चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन गेला आहे. त्यांनी लाल पेन उघडलं. माणूस कसबी. कमीत कमी जागेत काम करायची सवय. 'बरं वाटत नाही'मधला 'नाही' उडवला आणि 'वाटत'वर टिंब दिलं. 'सूर कुठेच लागत नाही'चं 'सूर कुठेच ढळत नाही' केलं. 'असह्य'चं 'सुसह्य', एका अक्षरात. शेजाऱ्यांनी पोलिसांत जाण्याऐवजी 'आवर्जून यावं' असं सुचवलं. श्रीदेवीचं वाक्य निर्दोष होतं, ते तसंच राहिलं. आणि बँडच्या नावात तर उघड चूक होती. 'गोंदळ' असा शब्द मराठीत नाही. सात ठिकाणी त्यांनी द कापून ध केला आणि तृप्त मनानं चहा मागितला.

ज्ञानदा घाईत होती. आजोबांनी तपासलेलं पुन्हा तपासायचं असतं हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. कागद तसेच झेरॉक्सच्या दुकानात गेले, तिथल्या माणसानं खुणा बघून बदल टाइप केले, अंक निघाला. पन्नास प्रती बाहेर पडल्या, त्यातल्या चार त्याच दुकानात काउंटरवर राहिल्या.

अंक सोमवारी निघाला. मंगळवारी सकाळी ज्ञानदाचा फोन वाजला. ती अंघोळीला होती. फोन वेणीमाधवांनी घेतला.

"टेंबुर्नीवरनं दोंडीराम बोलतोय," पलीकडून आवाज आला. "आमचं पोरगं तितं सोलापुरात लग्नाच्या दाखल्याच्या झेरॉक्सला आलं हुतं, त्यानं तुमचा कागद आनलाय. तुमी त्या गोंदळाचेच का?"

"हो, हो. आमच्याच अंकात आहे."

"रविवारी दुपारी मोकळे हायत का? पोराचं लग्न झालंय, गोंदळ करायचा हाय. त्यो श्रीदेवीचा आवाज म्हून लिवलंय, ते खरं हाय का?"

"खरं म्हणजे? आवाज श्रीदेवीचाच आहे," वेणीमाधव म्हणाले. "मी स्वतः तपासलंय."

 पलीकडचा माणूस एकदम आदरानं बोलायला लागला.

वेणीमाधवांना आश्चर्य एवढंच वाटलं, की हा गृहस्थसुद्धा गोंदळच म्हणतो. पण आपण चार चांगले शब्द घातले आणि पोराला दुसऱ्याच दिवशी बाहेरगावचं आमंत्रण आलं, ह्या आनंदात त्यांनी उच्चाराकडे कानाडोळा केला. बसूला निरोप गेला. आजवर त्याला सोलापूरच्या वेशीबाहेर कुणी बोलावलं नव्हतं. वेशीच्या आतही फारसं नाही. त्यानं रविवारची पाळी बदलून घेतली.

बुधवारी त्याच्या हाती अंक पडला. संध्याकाळी तो घरी आला तो चप्पल काढायची विसरला, यावरून प्रभाताईंनी काय ते ओळखलं.

"अज्जा," बसूनं अंक टेबलावर ठेवला, "'कानाला बरं वाटतं.' कुनाला बरं वाटलं? नाव सांगा त्याचं."

"अरे, सर्वसाधारणपणे."

"हुबळीच्या पोरांनी फोटू काडून पाठवलाय. म्हनत्यात, बसू, भजनी मंडळात कदीपासनं? आनि हे नाव. नाव आमचं गोंदळ हाय. द. दगडातला द."

"पण बाळ, शब्द गोंधळ असा आहे."

"शाळंत मास्तर बी हेच म्हनायचे," बसू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "घरात कानडी, गल्लीत आमी असंच बोलतो, ध तोंडात येतच न्हाय. सातवीपत्तुर त्या एका अक्षरावर मार खाल्ला. म्हनून तर नाव ठेवलं. म्हनलं, आता कोन लाल शाई लावतंय बघू."

वेणीमाधवांचा हात खिशातल्या पेनवर गेला आणि तिथेच राहिला.

ज्ञानदानं अंक उघडला, मग आपला मूळ मजकूर उघडला. दोन्ही वाचता वाचता तिचे कान लाल झाले. "आजोबा, हे सगळं तुम्ही केलंत?"

"सगळं नाही. विरामचिन्हं तुझीच आहेत."

ती हसली नाही. "यापुढे प्रुफं मी बघेन," एवढंच म्हणाली आणि बसूला पोचवायला खाली गेली.

प्रुफं गेली म्हणजे काय गेलं, ते वेणीमाधव कुणाला सांगणार? टेबल गेलं. सकाळी उठून चष्मा पुसायचं कारण गेलं. ते तसेच बसून राहिले आणि बसूचं वाक्य डोक्यात घोळवत राहिले. आमी असंच बोलतो. ध तोंडात येतच न्हाय. आणि मग हळूहळू, गरम पाण्याचा नळ उशिरा तापतो तसं, त्यांच्या ध्यानात आलं, की टेंभुर्णीचा धोंडीरामही असंच बोलतो. म्हणजे तो गोंदळ म्हणाला तेव्हा त्याला गोंधळ म्हणायचं होतं. लग्नानंतर कुलदेवीचा घालतात तो. संबळ, दिवटी, आईचा उदो. आणि त्याला वाटत होतं, की आवाज साक्षात श्रीदेवीचा येणार आहे.

पुण्यात एकदा ध चा मा झाला होता, तो निदान मुद्दाम केलेला होता.

आता सांगावं तर बसूचं आयुष्यातलं पहिलं आमंत्रण जातं, तेही आपल्यामुळे, आणि ज्ञानदा पुन्हा कधी कागद समोर ठेवणार नाही. न सांगावं तर रविवारी टेंभुर्णीत देवीपुढे पान्हा लावलेली गिटार. गुरुवार गेला. शुक्रवारी त्यांनी प्रभाताईंना सगळं सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून इतकं हसल्या, की ठसका लागला.

"मी काय करू, सांग ना."

"मला काय विचारताय?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मी लिहिलेलं तुम्हाला कधी पटलंय?"

शनिवारही गेला. रविवारी वेणीमाधव हट्टानं टेम्पोत पुढच्या सीटवर बसले. मोहोळला चहाच्या वेळी सांगू असं ठरवलं होतं. पण मोहोळला श्रीदेवी म्हणाली, "आईनं विचारलं कुठं चाललीस, तर पहिल्यांदाच मला गावाचं नाव सांगता आलं." त्यावर काय बोलणार? त्यांनी दुसरा चहा घेतला.

टेंभुर्णीत धोंडीरामच्या दारापुढे मांडव होता. आत पाटावर नवं कापड, त्यावर गव्हाचा चौक, कलश, कडब्याची पाच धाटं वर एकत्र बांधलेली. नवरा-नवरी, दिग्विजय आणि ऋतुजा, पिवळ्या अक्षता लागलेल्या कपाळांनी बसलेले. चाळीसएक माणसं. बसू गिटार खांद्याला लावून टेम्पोतून उतरला आणि चौक बघून जागीच थांबला.

धोंडीराम पुढे आला तो थेट वेणीमाधवांकडे. सगळ्यांत म्हातारे म्हणजे गोंधळ्यांच्या पार्टीचे नाईक तेच, हे उघड होतं. "या नाईक. संबळ मागच्या गाडीत हाय का?"

बसूनं मान वळवली. ज्ञानदानंही. आता पळायला जागा नव्हती.

"धोंडीरामराव," वेणीमाधव म्हणाले, "घोटाळा झालाय. तुम्हाला हवा आहे गोंधळ. हे आहेत गोंदळ."

"मग बराबर हाय की. गोंदळच सांगितला हुता म्या."

"नाही. तुम्ही गोंधळ सांगितलात."

"गोंदळच म्हनलो. इचारा हिला."

"गोंदळच म्हनले ते," त्याची बायको बजाबाई म्हणाली. हातात आरतीचं ताट होतं. "मी शेजारीच हुते की."

"तुम्ही म्हणालात गोंदळ, पण तुमच्या मनात होता गोंधळ."

मांडवात कुजबुज झाली. नाईकाला मनातलं कळतं, ही बातमी मागच्या रांगेपर्यंत गेली.

अक्षरांचा माणूस, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याला अक्षर तोंडानं समजावून सांगायचं होतं, तेही ज्यांच्या तोंडात ते अक्षर नाही त्यांना. वेणीमाधवांनी शेवटी अंक बाहेर काढला, लाल पेन उघडलं, आणि सगळ्यांसमोर सातही ध कापून वर द लिहिले.  मग बाकीचंही वाचून दाखवलं. हा 'सुसह्य' माझा, पोरीनं 'असह्य' लिहिलं होतं. हे 'आवर्जून यावं' माझं, मूळ पोलिसांत जायचं होतं. श्रीदेवी म्हणजे ही मुलगी, औषधाच्या दुकानात असते. चूक माझी आहे, ह्या पोरांची नाही.

"तुम्हाला कधी कळलं हे?" ज्ञानदानं विचारलं.

"बुधवारी."

"आणि आज रविवार."

"हो."

तिनं अंक त्यांच्या हातातून काढून घेतला. धोंडीराम मात्र अजून पहिल्याच ठिकाणी होता. "असह्य म्हंजे किती असह्य?" त्यानं बसूला विचारलं.

"लई," बसू म्हणाला. त्यातही त्याचा ताठा होता.

बजाबाईनं ताट खाली ठेवलं. घरात निकाल कोण लावतं हे तेवढ्यावरून कळलं. "दिग्या, ऊठ. गाडी काढ आनि बिभीषणमामाला घेऊन ये. आपला पिढीचा गोंदळी सोडून कागदावरचा आनायला गेलास, हे त्याला सांगू नको, पाया पड आनि घेऊन ये." मग ती पाहुण्यांकडे वळली. "तुमी जेवल्याबिगर जायचं न्हाय. आनि एवढं सामान आनलंय तर वाजवा की. पर चौकापशी न्हाय. तिकडं ट्रॅक्टरपाशी."

नवरदेव अक्षतांसकट मोटारसायकलवरून गेला. बिभीषणमामाला यायला तासभर लागणार होता. ट्रॅक्टरपाशी बसूनं तारा जोडल्या, श्रीदेवीनं माइकवर दोनदा फुंकर मारली, आणि वेणीमाधवांनी जे अक्षरशः तपासलं होतं ते पहिल्यांदा ऐकलं.

काय ऐकलं ते सांगणं कठीण. पत्र्यावरून पत्रा ओढत न्यावा तसं काही सुरू झालं, त्याच्या आत एक माग चालू होता, मागाच्या आत कुणी औषधांच्या एक्स्पायरीच्या तारखा ओरडून वाचत होतं. पोरांनी कानावर हात ठेवले आणि दोन पावलं पुढे सरकली. गोठ्यातल्या म्हशीनं चारा सोडला. एका म्हातारीनं ऋतुजाला विचारलं, की हे कुनाला चावलंय का. धोंडीराम डोळे बारीक करून ऐकत होता. "पाच एचपीची मोटर जळाली तवा आसाच आवाज आला हुता," तो म्हणाला, आणि त्यात तक्रार होती की आठवण, ते वेणीमाधवांना कळेना.

त्यांना कळेना असं बरंच होतं. कुठे सूर सापडतो का म्हणून त्यांनी कान लावला, नाही सापडला. दुसरा शब्द बसतो का पाहिलं. कर्कश? नाही, कर्कश लहान पडत होता. बेसूर? बेसुराला आधी सूर लागतो. उठून जावंसं वाटत होतं, आणि पाय उचलत नव्हते. अडतीस वर्षांत इतका नेमका शब्द त्यांच्या हातून क्वचितच गेला असेल, आणि तो त्यांनी कापला होता.

संपल्यावर ते ज्ञानदापाशी गेले. ती तारा गुंडाळत होती.

"'असह्य' बरोबर आहे," ते म्हणाले.

तिनं तारेला आणखी एक वेढा घातला.

"दुसरा शब्द नाही. मी शोधला. 'सूर कुठेच लागत नाही' हेही बरोबर. पण 'शेवटची अकरा मिनिटं' हे चूक आहे. पहिलीसुद्धा तितकीच आहेत."

ज्ञानदा तार गुंडाळायची थांबली. आजोबांचा चेहरा नेहमीसारखा गंभीर होता, म्हणजे ते चेष्टा करत नव्हते. ते खरंच प्रूफ वाचत होते. "जेवायला चला," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातात तारेचं एक टोक दिलं.

बिभीषणमामा आले, कमरेला संबळ कसून चौकापुढे उभे राहिले. त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहून काही विचारलं नाही, आणि कुणी काही सांगितलं नाही.

महिन्यानं सहाव्या अंकाचे कागद तयार झाले. ज्ञानदानं ते दोन दिवस आपल्या पिशवीतच ठेवले. प्रभाताई सांगतात, त्या दोन दिवसांत ह्यांनी गॅस सिलिंडरवरचा मजकूर चारदा वाचला. तिसऱ्या दिवशी तिनं कागद टेबलावर ठेवले, लाल पेन उचलून घेतलं आणि पेन्सिल दिली.

"दुरुस्ती करायची नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह. उत्तर ज्यानं लिहिलं तो देईल."

वेणीमाधवांनी आयुष्यात लेखकाला प्रश्न विचारला नव्हता. पण कागद समोर होते. त्यांनी चष्मा पुसला. रविवारी सकाळी बसू आणि ज्ञानदा समोर बसले तेव्हा प्रत्येक पानाचा समास प्रश्नचिन्हांचे आकडे लोंबणाऱ्या दोरीसारखा दिसत होता.

"'भिकार'?"

"मुद्दाम," ज्ञानदा म्हणाली.

"'धुण'? 'धून' हवं ना?"

"मुद्दाम, अज्जा. ते दुनं वाळत घातल्याचं गानं हाय."

"'दूसरा'?"

"ती चूक आहे," ज्ञानदानं मान्य केलं, आणि म्हातारा दोन इंच उंच झाला.

असं करत शेवटच्या पानावर आले. तिथे विजयपूरच्या एका बँडबद्दल बसूनं स्वतः लिहिलं होतं, आणि शेवटी दोनच शब्द होते. 'लई गोड.' वेणीमाधवांनी पेन्सिल त्यावर टेकवली. "आता हे बघ. 'असह्य' म्हणजे स्तुती. मग 'गोड' म्हणजे निंदा झाली ना?"

बसू खिडकीबाहेर बघायला लागला. "त्यांचा गिटारवाला माझा मावसभाऊ हाय."

"म्हणजे स्तुती."

"तसं बी न्हाय. वाजवतो गोडच की."

"मग काय समजायचं?"

बसूनं ज्ञानदाकडे पाहिलं, ज्ञानदानं चहाकडे. म्हणून वेणीमाधवांनी समासातलं प्रश्नचिन्ह खोडलं नाही. झेरॉक्सवाल्यानं खूण बघितली आणि टाइप केली. अंकात 'लई गोड?' असं आलं आहे. ज्ञानदा म्हणते, ही छपाईची चूक. बसू म्हणतो, राहू दे, बराबर हाय. विजयपूरहून मावसभावाचा दोनदा फोन येऊन गेला. वेणीमाधवांचं अजून नक्की व्हायचं आहे.